खांबाशी दहा मिनिटं

सकाळी नऊ वाजता कुंभकोणमच्या भर बाजारात हरिभाऊंनी वेष्टी नेसायचा हट्ट धरला. वेष्टी म्हणजे तिकडची पांढरी, काठाची लुंगी. दुकानदाराने ती त्यांच्या कमरेला गुंडाळून दाखवली. हल्लीच्या वेष्टीला गाठ मारावी लागत नाही, चिकटपट्टी असते, चर्र करून उघडते आणि टच्च बसते. तो आवाज हरिभाऊंना इतका आवडला की त्यांनी पट्टी सहा वेळा उघडली आणि सहा वेळा लावली. दुकानदार हसला, शेजारचा फुलवालाही हसला. शेवटी त्यांच्या बायकोने, जयश्रीने, त्यांची पॅन्ट घडी करून आपल्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चला. आता तुम्ही अगदी इथलेच दिसायला लागलात."

ती गमतीने म्हणाली. त्या दिवशी ती खुशीत होती, आणि खुशीत असलेल्या माणसाला आपण काय बोलतो याची शुद्ध कुठे असते!

हरिभाऊ पेंढारकर साताऱ्याच्या मोजणी खात्यात पस्तीस वर्षं होते. जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांची भांडणं त्यांनी मिटवली आणि उरलेली निम्मी लावून दिली, असं ते स्वतःच सांगायचे. रस्त्याने चालताना दुतर्फा किती गुंठे जमीन गेली हे मनाशी मोजणारा माणूस. त्याच माणसाला चार वर्षांपूर्वी स्वतःच्या घरातली मोरी सापडेनाशी झाली. आधी नावं गेली, मग वार गेले, मग रस्ते. डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं, ते जयश्रीने पाठ केलं आणि कुणापाशीही उच्चारलं नाही. तेव्हापासून तिने त्यांचा हात धरला होता. बँकेत हात, दवाखान्यात हात, झोपेत मनगट. ती आंघोळ करायची तीसुद्धा दार अर्धं उघडं ठेवून, मोठ्याने काहीबाही बोलत, म्हणजे बाहेर त्यांना कळावं की घरात कुणीतरी आहे. चार वर्षांत ती एकटी अशी भाजी आणायलाही गेली नव्हती.

पुण्याचा मुलगा शशांक वाईट नव्हता. उलट बापावर जीव टाकणारा. त्याने भोरच्या रस्त्याला अशा माणसांसाठी असलेली एक जागा बघून ठेवली होती. स्वच्छ, हवेशीर, फाटकावर पहारेकरी. आता या महिनाअखेरीस तिथली एक खोली रिकामी होणार होती. "आई, अशाने तू आधी जाशील," तो म्हणायचा. "जाईन तेव्हा बघू," ती म्हणायची. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस तिने त्याच्याशी पैजच लावली. निवृत्तीनंतर दोघांनी दक्षिण बघायची ठरवली होती, ती राहूनच गेली होती. आठ दिवस मी एकटी यांना फिरवून आणते, ती म्हणाली. काही विपरीत झालं तर तू म्हणशील तसं. नाही झालं, तर त्या खोलीचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही. शशांक कबूल झाला. रोज दुपारी चारला तो फोन करणार आणि तिने खरं ते सांगायचं, एवढीच त्याची अट.

आजचा सहावा दिवस. रामेश्वर झालं, तंजावर झालं, आणि तीळभर काही बिघडलं नव्हतं. आणखी दोन दिवस निभावले की हरिभाऊ घरी राहणार होते, तिच्यापाशी, अखेरपर्यंत. तिचं देवाकडे दुसरं मागणं नव्हतं.

तयारी तिने डोळ्यांत तेल घालून केली होती. हरिभाऊंच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड होतं, तिच्या स्वतःच्या ठळक, वळणदार अक्षरात: 'माझे नाव हरिकृष्ण पेंढारकर. मला विस्मरण होते. मी एकटा दिसलो तर कृपया माझ्या पत्नीला कळवा.' खाली फोन नंबर, तोही मराठी आकड्यांत. जन्मात ती महाराष्ट्राबाहेर गेली होती ती एकदाच, काशीला, आणि तिथल्या पाट्या तिला वाचता आल्या होत्या. इकडे आल्यापासून सहा दिवस ती दुकानांवरची गोल गोल अक्षरं बघत होती. ती आपल्याला वाचता येत नाहीत, हे तिला रोज जाणवत होतं. आपली अक्षरंही इथे कुणाला वाचता येणार नाहीत, हा उलटा विचार मात्र एकदाही तिच्या डोक्यात आला नाही. हुशार बाई, पण आपल्या लिपीच्या बाबतीत आपण सगळेच जरा गाफील असतो.

वेष्टी नेसून, पितळी पेल्यातली कॉफी पिऊन दोघं महामहम तळ्यावर गेली. भलंमोठं तळं, चहूबाजूंनी पायऱ्या, काठाकाठाने दगडी मंडप. हरिभाऊ काठावर थांबले, जरा वेळ नुसते बघत राहिले, आणि मग चालायला लागले. ओठ हलत होते. जयश्री हात धरून बाजूने. एक बाजू संपली, दुसरी संपली. ते थांबले आणि जुन्या साहेबी आवाजात म्हणाले, "सहा एकर. वर थोडी."

जयश्रीने फोनवर शोधून बघितलं. सहा एकर आणि वर थोडी. तिला रडावं की नाचावं कळेना. तिने तिथेच पाण्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या हरिभाऊंचा फोटो काढला आणि शशांकला पाठवला. खाली लिहिलं: 'बघ तुझे बाबा.'

"मालक कोण याचा?" हरिभाऊंनी विचारलं.

"देव."

"मग मोजणीला कुणी हजर राहणार नाही," ते म्हणाले, आणि ती इतकी हसली की पायऱ्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या.

लॉजच्या मॅनेजरने बजावलं होतं की इथली देवळं बाराला बंद होतात ती चारशिवाय उघडत नाहीत. सव्वाअकरा होत आले होते. एक देऊळ अजून होईल, जयश्रीला वाटलं. शहाण्या बाईने तिथेच थांबावं की नाही? पण सकाळ इतकी चांगली गेली होती की तिला ती आणखी थोडी हवी होती. रिक्षा करून दोघं नदीच्या बाजूच्या एका विष्णूच्या देवळात गेली.

आतल्या दारापाशी भटजींनी हरिभाऊंकडे बघून शर्टाकडे बोट केलं. त्या देवळात पुरुषांनी गाभाऱ्यासमोर उघड्या अंगाने जायची रीत. रांगेतले सगळे पुरुष तसेच उभे होते, उघडे, पांढऱ्या वेष्टीत. हरिभाऊंनी शहाण्या मुलासारखा शर्ट काढला, बनियन काढला, दोन्हीची व्यवस्थित चौकोनी घडी केली आणि जयश्रीच्या हातात दिली. तिने ती दंडावर टाकली. कार्ड आपल्याकडे आलं आणि माणूस तिकडे गेला, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण तिचं लक्ष त्यांच्या पाठीकडे गेलं. किती वाळलेत हे, एवढंच तिच्या मनात आलं.

आत बायकांची रांग एका बाजूला, पुरुषांची दुसऱ्या बाजूला, मधे कठडा. सहा दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर गेले. कठड्यापलीकडे ते तिला दिसत होते. तुळशीचं तीर्थ त्यांनी ओंजळीत नीट घेतलं, डोक्यावर देवाच्या पादुकांचा टोप टेकवला तेव्हा वाकले, सगळं बरोबर केलं. बायकांची रांग छोटी होती, ती आधी बाहेर आली. मंडपात खांबांच्या ओळी होत्या. पुरुष कुठून बाहेर पडणार ते तिने बघून घेतलं, समोरचाच एक खांब धरला आणि त्याच्या बैठकीवर टेकली. एक मिनिटभर. घड्याळात पावणेबारा झाले होते.

दगड गार होता. तिने पाठ टेकली. टाचा चार दिवस ठणकत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या.

हरिभाऊ बाहेर आले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ती त्यांना दिसली. नजरानजर झाली. त्यांनी हात वर केला. मग तो हात तसाच खाली आला, ते वळले आणि मंडपाच्या मागच्या दाराकडे, उजेडाच्या दिशेने चालायला लागले. सावकाश, हात मागे बांधून, साहेब शिवारात निघायचे तसे.

उठते, ती मनाशी म्हणाली. उठलेच.

पण ती उठली नाही. तेव्हा आपल्या मनात नेमकं काय होतं, हे तिने नंतर स्वतःला शंभरदा विचारलं. वाईट काही नव्हतं. चांगलंही काही नव्हतं. उजवा तळहात मोकळा होता आणि त्याला वारा लागत होता, एवढं तिला आठवतं. पांढरी वेष्टी मागच्या दारात पोचली. अजून हाक मारली असती तर पोचली असती. जाऊ देत, तिच्या मनात आलं. कुठे जाऊ देत, किती लांब, ते तिने मनाला विचारलं नाही. वेष्टी उजेडात दिसेनाशी झाली, तरी ती तशीच बसून राहिली, डोळे उघडे ठेवून, आणि तिला बरं वाटत होतं. चार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

देवळाचा माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला आणि तिला उठायची खूण केली. तिने घड्याळ बघितलं. बाराला पाच कमी. दहा मिनिटं गेली होती. ती धावली.

मागच्या दाराबाहेर अरुंद गल्ली होती. दोन्ही टोकांना ऊन, मधे कुणी नाही. ती आधी डावीकडे धावली, मग उजवीकडे. फुलवाल्या बाईला तिने खुणा करून सांगितलं: म्हातारा माणूस, पांढरे केस, अंगात काही नाही, वेष्टी. बाईने लगेच मान डोलावली आणि बोट दाखवलं. जयश्री त्या दिशेने पळत गेली, तर न्हाव्याच्या दुकानात एक पांढऱ्या केसांचा, उघडा, वेष्टीतला म्हातारा दाढी करून घेत होता. पुढे कॉफीच्या टपरीवर तसलाच एक. ओट्यावर पेपर वाचत दुसरा. सायकलवरून तिसरा गेला. ती प्रत्येकाच्या पुढे जाऊन तोंड बघत होती आणि प्रत्येक वेळी परकं तोंड निघत होतं. इथलेच दिसायला लागलात, हे आपलंच वाक्य तिला आठवलं आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

बारानंतर ते गाव दारं लावून घेतं. दुकानांची शटरं पडली, रस्ते ओस पडले, ऊन तेवढं उरलं. देवळाजवळच्या चौकीत एक हवालदार भेटला. ती हिंदीत बोलली, तो तमिळमध्ये बोलला, दोघं इंग्रजीच्या चार शब्दांवर येऊन थांबली. त्याने फोटो मागितला. हात धरून फोटो निघत नाहीत, तिच्या फोनमध्ये त्यांचा सकाळचाच एक फोटो होता, त्यात हरिभाऊंच्या अंगात शर्ट आणि तोंड पाण्याकडे. मग तिला कार्ड आठवलं. शर्टाच्या घडीतून तिने ते काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. हवालदाराने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हिंदी?"

"मराठी."

"धिस?" त्याने नंबरवर बोट ठेवलं.

तिने आपल्याच हाताने काढलेले ते आकडे बघितले. या गावात ते वाचणारं कुणी नव्हतं. आणि वाचणारं असतं तरी काय, कार्ड तिच्या हातात होतं! ज्या माणसासाठी ते केलं तो वेष्टीखेरीज एक कपडा, एक कागद, एक नाव अंगावर नसलेला असा उन्हात कुठेतरी चालत होता. हवालदार भला होता. त्याने सगळं लिहून घेतलं, पाणी दिलं, खुर्ची पुढे केली आणि बसा म्हणून खूण केली. जयश्रीला त्या खुर्चीचा असा तिटकारा आला की ती पाणी न पिता बाहेर पडली.

पुढचे दोन तास तिने रिक्षातून गाव पालथं घातलं. रिक्षावाल्याचं नाव मुरली. त्याला तिची भाषा कळत नव्हती, पण बाई काय शोधते आहे हे कळायला भाषा लागत नाही. बसस्टँड, स्टेशन, सकाळचं तळं, बंद देवळांची दारं. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, बघायचं, परत बसायचं. अडीच वाजून गेल्यावर तिने ज्या जागेचं नाव इतका वेळ टाळलं होतं ते घेतलं. "नदी," ती म्हणाली. "कावेरी."

मेलकावेरीच्या घाटावर पाणी फार नव्हतं. पण खालच्या पायरीशी एक पांढरी वेष्टी पाण्यात पसरली होती. काठाला हिरवी रेघ. सकाळी दुकानात त्यांनी निवडली तशीच. जयश्री बसून एकेक पायरी खाली सरकायला लागली आणि मोठ्याने बोलायला लागली, "अहो, मी उठले असते हो. उठतच होते मी. अहो, ऐका ना."

मग पाण्यातल्या माणसाने ती वेष्टी उचलली, पिळली आणि दगडावर आपटली. परीट होता तो. कपडे धूत होता.

मुरली धावत खाली आला होता. तो परटाशी बोलला. परीट बराच वेळ बोलत होता, मधेच जयश्रीकडे बोट दाखवत होता, तिच्या तोंडाकडे, जणू तिच्या तोंडून निघालेलं त्याने आधी ऐकलं होतं. मुरली वळला. त्याचा चेहरा काही वेगळाच झाला होता. "डॉक्टर," तो म्हणाला. "मॅडम, डॉक्टर. कम, कम."

डॉक्टर! म्हणजे पडले. म्हणजे उन्हाने चक्कर आली. म्हणजे आणखी काही. रिक्षात ती दांडी धरून बसली आणि तिने देवाला एकच गोष्ट सांगितली: ते असू देत, मग त्या खोलीचं, घराचं, माझं, तुला वाटेल ते कर.

रिक्षा दोन गल्ल्या पलीकडे एका साध्या दुमजली घरासमोर थांबली. दारावर पाटी होती आणि पाटीवर भलामोठा दात रंगवला होता. हा माणूस आपल्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन आलाय, हे बघून तिला इतका संताप आला की ती मुरलीवर ओरडणारच होती. तेवढ्यात दार उघडलं. पन्नाशीची एक बाई बाहेर आली, चष्मा केसांत खोचलेला. तिने जयश्रीचा अवतार पाहिला, दंडावरचा शर्ट पाहिला आणि म्हणाली, "मामी, आंत या. भिऊं नोका. मामा येथेंच अहेत. बेस अहेत."

जयश्री जागच्या जागी उभी राहिली. आवाजाची चाल तमिळ होती, पण शब्द तिचे होते, कधीतरी फार पूर्वीचे. डॉक्टर राजेश्वरीबाईंचं घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात आलेलं, तीनशे वर्षांमागे. उंबऱ्याबाहेर सगळी तमिळ, उंबऱ्याच्या आत ही भाषा. गावातले लोक अशा घरांना रायर म्हणतात. घाटावर भलतंच काही बोलणारा म्हातारा भेटला, तेव्हा परटाच्या कानांनी ओळखलं की ही रायरांची बोली. त्याने हात धरून त्यांना आपल्या माहितीतल्या एकमेव रायरांच्या दारात आणून सोडलं.

हरिभाऊ जेवणाच्या टेबलाशी बसले होते. खांद्यावर कुणाचा तरी टॉवेल, पुढ्यात ताटलीभर दहीभात आणि लिंबाचं लोणचं. त्यांनी मान वर केली.

"आलीस?" ते म्हणाले. "बस."

जयश्रीने त्यांच्या अंगात शर्ट घातला. मग तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि परक्या घरात, परक्या बाईसमोर, मुरली दारात उभा असताना, हुंदके देऊन रडली. हरिभाऊ डाव्या हाताने तिची पाठ थोपटत होते आणि उजव्या हाताने जेवत होते. तिच्या जिवात जीव आला होता. सहावा दिवस अजून हातचा गेला नव्हता.

राजेश्वरीबाईंनी मुरलीला ताक दिलं, चौकीला फोन करून माणूस सापडल्याचं कळवलं. मग टेबलाशी येऊन बसल्या.

"मीं विचारिलें, मामा, गांव कोणचें? तर सातारा म्हणाले," त्या कौतुकाने सांगायला लागल्या. "माझा आजा सातारा सातारा करीत मेला. तेथलें माणूस मीं आज पहिलें पाहिलें. पण मामी, इतकें ऊन, हे येकटे कसे सुटले?"

प्रश्न साधा होता. विचारणाऱ्या बाईच्या मनात काही नव्हतं. जयश्रीने डोळे पुसले.

"देवळात गर्दी होती हो," ती म्हणाली. "हात सुटला."

हरिभाऊंनी घास खाली ठेवला.

"गर्दी कुठली?" ते म्हणाले. "ही खांबाला टेकून बसली होती. मी हात केला हिला. हाक मारणार होतो." ते राजेश्वरीबाईंकडे वळले आणि घरातली गोष्ट सांगावी तसं सांगायला लागले. "पण म्हटलं, नको. ही कधी बसत नाही हो. कायम उभी. आज बसली होती आणि चेहरा कसा निवांत होता. म्हटलं, बसू दे जरा. आपण येऊ एक चक्कर मारून."

एवढं बोलून त्यांनी घास उचलला, तोंडात घातला, आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "हे कुणाचं घर?"

राजेश्वरीबाईंनी जयश्रीकडे बघितलं. मग त्या उठल्या आणि कसलंसं निमित्त काढून आत गेल्या. भल्या घरच्या बाईला कधी उठावं ते कळतं.

जयश्री हरिभाऊंकडे बघत राहिली. चार वर्षं तिने याच माणसाकडून काहीतरी लक्षात राहावं म्हणून जीव काढला होता. मुलाचं नाव, आजचा वार, काल काय जेवलो. यातलं काही राहिलं नाही. आणि हे राहिलं होतं. तिला बसलेली बघून त्यांनी तिला सूट दिली होती, आणि त्याच वेळी तीही त्यांना सोडून देत होती. ते तिच्यासाठी गेले होते. ती स्वतःसाठी बसली होती. हा फरक त्यांना कधी कळणार नव्हता, आणि तिला आता जन्मभर कळत राहणार होता.

चार वाजले. फोन वाजला.

"आई, कसली भारी बातमी होती सकाळी!" शशांकचा आवाज उत्साहाने फुटत होता. "सहा एकर! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. बरं, सगळं ठीक ना? बाबा?"

खोटं बोलायला सगळं कसं जुळून आलं होतं. हरिभाऊ पोटभर जेवले होते आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरणार होते. राजेश्वरीबाईंची पुन्हा भेट होणार नव्हती. एक शब्द पुरला असता. दोन दिवसांनी ती त्यांना घेऊन साताऱ्याला उतरली असती, आणि पुढे कुणी काही बोललं नसतं.

"बाबा मजेत आहेत," ती म्हणाली. "दहीभात खातायत."

"मग झालं तर! जिंकलीस तू आई, मी हरलो."

"शशांक, ती खोली अजून आहे का?"

"का? काय झालं? हरवले होते का ते?"

"हरवले नव्हते. मी त्यांना जाताना बघत होते. बसून बघत होते आणि उठले नाही."

"आई, तू दमली असशील. होतं असं. माणूस दमतं. अगं, सापडले ना? मग त्यात काय!"

ते हरवले असते तर तिने त्यांना हजारदा शोधलं असतं. त्याचं तिला भय नव्हतं. भय होतं ते त्या गार दगडाचं. एकदा बसून बघितल्यावर पुढच्या वेळी उठायला आणखी वेळ लागणार, दहाची वीस मिनिटं होणार, आणि कधीतरी नदीतली वेष्टी परटाची नसणार. हे ती मुलाला कसं सांगणार? बापाची काळजी घेणारी आई त्याने जन्मभर बघितलेली. दुसरी त्याला माहीत नव्हती, तिलाही आजच भेटली होती.

"नाव घाल त्यांचं," ती म्हणाली.

"आई, तू परत ये, मग बोलू. आत्ता नको ठरवूस."

"परत आले की मी नाही म्हणेन. म्हणून आत्ता सांगते. घाल नाव." आणि तिने फोन बंद केला.

हरिभाऊंचं जेवण झालं होतं. ताटली त्यांनी बोटाने निपटून स्वच्छ केली होती. ते तिच्याकडे बघत होते.

"कुणाचा फोन?"

"शशांकचा."

"काय म्हणतो? येतोय का?"

"नाही. आपल्याला जायचंय. भोरच्या बाजूला एक जागा आहे, तिथे."

हरिभाऊंनी जरा विचार केला. भोर त्यांच्या कामातलं गाव, तिकडच्या डोंगरातल्या जमिनी त्यांनी मोजलेल्या. ओठ हलले, काहीतरी आठवायला निघाले आणि अर्ध्यावर थांबले. मग त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिचा हात धरला.

"दोघांनी ना?" त्यांनी विचारलं.

नाव तिने एकाचंच घालायला सांगितलं होतं.

"हो," ती म्हणाली. "दोघांनी."

"मग ठीक आहे," हरिभाऊ म्हणाले, आणि आत तोंड करून त्यांनी घरच्या बाईंकडे आणखी थोडा भात मागितला.